कण्हेरीच्या दोन कळ्या

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसवूही नका. माझ्यावर विश्वास ठेवून कोणाचं भलं झाल्याचं मला आठवत नाही, आणि ज्यांचं झालं ते कबूल करत नाहीत. तरी सांगून ठेवतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. जो नाही, तो ओळ भरायला घातला आहे. नारायण पेठेतल्या छापखान्यात मी पस्तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. ओळ तोकडी पडली की मध्ये कोरा खिळा सरकवायचा, हे अंगात मुरलंय. आता छापखाना नाही, खिळे नाहीत, पण ओळी तोकड्या पडायच्या थांबलेल्या नाहीत.

गोष्ट माझ्या थोरल्या वहिनीची, मथुराबाईची. गेल्या चैत्रात ती गेली, ब्याऐंशीची होऊन. या चैत्रात तिचं वर्षश्राद्ध झालं. आमच्या धायरीत माणूस गेला की आधी फ्लेक्स लागतो, मग रडू येतं. वर्षश्राद्धाला तर नुसता फ्लेक्सच. चौकात वीस फुटी लावला होता. त्यावर एकोणचाळीस चेहरे होते, आणि त्यातला मयत कोणता हे कळावं म्हणून वहिनीभोवती झेंडूच्या माळेची चौकट काढली होती. नाहीतर लोकांनी भावकीतल्या नगरसेवकपदाच्या इच्छुकालाच हात जोडले असते. मी खालच्या रांगेत, डावीकडून तिसरा. नावाखाली 'मार्गदर्शक'. मी आयुष्यात एकदाच मार्गदर्शन केलं. एका माणसाला स्वारगेटचा रस्ता दाखवला. तो कात्रजला पोचला.

मांडव आमच्या शेवटच्या रानात घातला होता. रान म्हणायचं ते सवयीनं. अकरा गुंठे उरलेत. बाकीच्या रानात आता लोक अकराव्या मजल्यावर राहतात आणि खिडकीतून आमच्याकडे बघून म्हणतात, किती छान ग्रीनरी आहे. ग्रीनरी म्हणजे एक करंजाचं झाड. त्याखाली दगडी पार, आणि पारावर आमचा म्हसोबा. म्हसोबा म्हणजे गुडघ्याइतका दगड. शेंदूर चढून चढून त्याला आता दोन खांदे आलेत आणि चांदीचे डोळे वहिनीनं बसवलेत.

पंगत उठली. पंगत म्हणजे रांगेत उभं राहून ताट पुढे करायचं आणि टोपी घातलेल्या माणसानं विचारायचं, पनीर का मशरूम. वहिनी जिवंत असती तर तिनं त्यालाच आधी बसवून वाढलं असतं.

मी पारावर टेकलो होतो. तेवढ्यात पृथ्वीराज आला. हा वहिनीचा नातू, पस्तिशीचा. काय करतोस असं विचारलं की 'लँड' म्हणतो. आमच्या बापजाद्यांनी याच लँडमध्ये ज्वारी काढली, पण त्यांच्या गळ्यात साखळी नव्हती, म्हणून त्यांना शेतकरी म्हणायचे. त्याच्यामागे त्याची धाकटी बहीण ऋतुजा. ती हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आणि त्या दोघांच्या मागे, बुटांना धूळ लागू नये अशा बेतानं चालणारे सलिल नावाचे गृहस्थ. हे आर्किटेक्ट. काखेत नकाशाची गुंडाळी.

"आबा," पृथ्वीराज म्हणाला, "सगळ्यांची जेवणं झाली. आता कौल लावून टाका. सलिल सरांना परत जायचंय."

"मग जाऊ देत की. म्हसोबा काय त्यांच्या गाडीत बसायचा हाय?"

"आबा, प्लीज."

आता हा कौल कशाचा, ते आधी सांगतो, म्हणजे पुढे तुम्हाला मध्येच विचारावं लागणार नाही. या अकरा गुंठ्यांत बारा मजले उभे राहायचे होते. नाव ठरलं होतं 'मथुरा ग्रँड्युअर'. वहिनीला दोन्हीतला एकच शब्द म्हणता आला असता, आणि तोही ती संकोचानं म्हणाली असती. नकाशात गाड्या खाली उतरायचा जो उतार होता, तो नेमका या पारावरून जात होता. म्हणजे पार जाणार, करंज जाणार, आणि म्हसोबा जाणार पोडियमवर. पोडियम म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं अंगण, हे मला ऋतुजानं समजावलं. तिथं संगमरवरी मंदिर, शेजारी जिम. ज्या देवाला आमच्या पणज्यानं कोंबडं कापलं, त्याच्यासमोर आता लोक पट्ट्यावर जागच्या जागी पळणार. शिवाय नियमावलीत लिहिलेलं होतं, 'नैवेद्य शाकाहारी असावा.' म्हसोबाला विचारलं नव्हतं.

विचारायची वेळ आज आली होती. कारण जायच्या आधी महिनाभर वहिनीनं पृथ्वीराजचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता आणि म्हणाली होती, "आबाला कौल लावायला सांग. कौल येईल तसं कर. त्याबिगर देवाला हात लावू नको." पृथ्वीराज कोणाला भीत नाही. मोजणीवाल्याला नाही, कोर्टाला नाही, भावकीला तर नाहीच. आजीला भितो. मेल्यावर जास्त.

आणि माझं काय, तर माझ्याकडे दुसरी बसायची जागा नाही. एवढंच. ऐंशी वर्षांचा माणूस सकाळी उठतो, चहा घेतो, आणि कुठंतरी जातो. मी इथं येतो. पाराच्या सिमेंटमध्ये, डाव्या अंगाला, वहिनीच्या पंजाचा ठसा आहे. गिलावा ओला आहे का वाळला हे बघायला तिनं हात टेकला होता, बांगड्यांसकट. गिलावा ओला होता. बारा मजल्यांत ज्येष्ठ नागरिकांसाठी एक कोपरा दाखवला होता, निळ्या रंगात. पृथ्वीराजनं मला बोट ठेवून दाखवला. मी म्हणालो, छान आहे, वारा कुठून येतो? तो म्हणाला, एक्झॉस्ट आहे.

तर कौल. कण्हेरीच्या दोन कळ्या घ्यायच्या, सारख्या वजनाच्या. पाण्यात बुडवून एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. या एका मुद्द्यावर आमच्या भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद होतं. कळ्या लावायचं काम तेराव्या वर्षापासून माझ्याकडे आहे. दादाची, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची, बोटं नांगराची, कळी चिरडायची.

मी उठलो. कळ्या तोडल्या. नैवेद्याच्या ताटातला गुळाचा खडा तोंडात टाकला, कारण उन्हात बोलायचं म्हणजे घसा लागतो. थोडा हाताला राहिला. तांब्यात बोटं बुडवली, कळ्या लावल्या. पृथ्वीराजनं हात जोडून मोठ्यानं विचारलं, "देवा, तुला वर न्यावं का?"

मग आम्ही बसलो. वारा नव्हता. कळ्या होत्या तिथंच होत्या.

पाच मिनिटांनी सलिल घड्याळाकडे बघत म्हणाले, "आजोबा, साधारण किती वेळ लागतो?"

"आपण हा नकाशा काढायला किती वेळ घेतलात?"

"दोन महिने."

"मग म्हसोबाला दोन तास द्या. त्याच्याकडं कॉम्प्युटर नाही."

ऋतुजा हसली. पृथ्वीराज हसला नाही. तो उजव्या कळीकडे अशा नजरेनं बघत होता की दुसरी कुठली कळी असती तर शरमेनं पडली असती.

वेळ काढायचा असला की आमच्या घरात माझ्याकडे बघतात. मी सुरू केलं. सलिलना उद्देशून, कारण घरच्यांनी सगळं ऐकलेलं आहे आणि त्यांना आकडे पाठ आहेत.

"तुमचा विश्वास बसायचा नाही," मी म्हणालो, "पण आमची वहिनी आणि हा देव एकमेकांशी बोलायचे."

"म्हणजे श्रद्धेनं," सलिल म्हणाले.

"छे, तोंडानं. म्हणजे ती तोंडानं, तो आपला ऐकायचा. नवऱ्यासारखा."

वहिनी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी तिनं सासूला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही, इथं येऊन या दगडाला विचारलं, तू जेवलास का? त्या दिवसापासून तो जेवल्याशिवाय ती जेवली नाही. थंडीत त्याला कानटोपी. उन्हाळ्यात डोक्यावर ओलं फडकं. माझ्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायच्या, त्यांचे कच्चे कागद मी घरी आणायचो, आणि वहिनी मला इथं बसवून त्या देवाला मोठ्यानं वाचून दाखवायला लावायची. वधूचं नाव, वराचं नाव, स्थळ, मुहूर्त, सगळं. का, तर पुढं ती पोरगी अडचणीत आली आणि तिनं हाक मारली, तर त्याला नाव ओळखीचं असावं. पस्तीस वर्षं वाचल्या. पुण्यातल्या निम्म्या संसारांची नोंद या दगडाकडं आहे. चुकून एखाद्या पत्रिकेत वधूचं नाव दुसरंच पडलं असेल तर त्या संसाराचं काय झालं असेल, हे मी तिला कधी बोललो नाही.

"आणि म्हैस सांगा," ऋतुजा म्हणाली.

"चंद्री. इथं दिवा लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. आणि तिचं दूध इतकं घट्ट, की कात्रजला डेअरीत घातलं तर दूध मोजायची ती काचेची नळी त्यात बुडेचना. उभी राहिली. मोजणारा माणूस पण उभा राहिला. त्यानं टोपी काढली."

"मागच्या वेळेला टोपी नव्हती," पृथ्वीराज कळीवरची नजर न हलवता म्हणाला.

"तेव्हा त्यानं घातली नव्हती, म्हणून काढली नव्हती."

सलिलनी बूट काढले आणि मांडी घातली. शहरातला माणूस बसला की समजावं, गोष्ट लागली. मग मी नाग काढला.

या पाराच्या भेगेत एक नाग राहायचा. वहिनी त्याला भाडेकरू म्हणायची. शेजारच्या सोसायटीतल्या लोकांनी सर्पमित्र बोलावला, त्यानं नाग पिशवीत घातला आणि कात्रजच्या सर्पोद्यानात नेऊन दिला. वहिनी दर नागपंचमीला बस बदलून बदलून कात्रजला जायची त्याला भेटायला. काचेपलीकडे सात-आठ नाग वेटोळी घालून पडलेले. वहिनी उभी राहिली की त्यातला एक उठून काचेपाशी यायचा.

"पण आजोबा, तो तोच नाग, हे त्यांनी कसं ओळखलं?" सलिलनी विचारलं.

"ओळखायचं काम तिच्याकडं नव्हतंच. त्यानं तिला ओळखलं."

सलिलनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला असं काही सांगावं, तो त्यातलं तर्कशास्त्र तपासतो आणि नाग तसाच सोडून देतो.

"जेसीबीचं सांगा आबा," ऋतुजा म्हणाली. "पण या वेळेला नीट सांगा."

"नीटच सांगतो. गटाराची लाइन टाकायला जेसीबी आला. त्याचा पंजा म्हसोबापासून तीन हातांवर थांबला तो थांबलाच."

"मागच्या वर्षी पाच हात होतं."

"धायरीतली जमीन आहे ती. दर वर्षी आकसते. तर ड्रायव्हरनं डिझेल घातलं, वायर काढली, शिव्या दिल्या. ढिम्म. वहिनी गेली आणि त्याला म्हणाली, जेवलास का? तो म्हणाला, नाही. तिनं भाकरी आणि झुणका दिला. तो जेवला, हात धुतला, किल्ली फिरवली. जेसीबी चालू झाला, पण मागंच जायला लागला. पुढं जायचं नावच घेईना. तसाच मागं मागं सिंहगड रोडपर्यंत गेला."

"ट्रॅफिकमधून?" सलिल म्हणाले.

"तेव्हा ट्रॅफिक नव्हतं. तेव्हापासून झालं. त्याच्यामुळंच."

कळ्या अजून होत्या तिथंच होत्या. पृथ्वीराजनं घाम पुसला. "आबा, एवढा वेळ कधी लागलाय का?"

"तुझ्या आजीनं कधी देवाला बारा मजले विचारले नव्हते."

मग मी सलिलना आमच्या घरातले कौल सांगितले, कारण त्यांच्या नकाशाचं नशीब त्यातच होतं, आणि माणसाला पूर्वीचे निकाल माहीत असावेत.

पहिला माझा. एकोणीसशे सहासष्ट साल. मला नारायण पेठेत छापखान्यात जायचं होतं. दादा म्हणाला, बैल कोण हाकणार? वडील म्हणाले, कौल लावा. मी कळ्या लावल्या. उजवी पडली. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि म्हणाले, याला पण अक्कल नाही.

दुसरा दोन हजार आठ साली. वहिनीचा मुलगा रंगराव, म्हणजे या दोघांचे वडील, हे अकरा गुंठे एकाला देऊन टाकायला निघाले होते. मी कळ्या लावल्या. डावी पडली. रंगराव चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी जेवले. आणि वर्षभरात ज्याला देणार होते तो माणूस गाव सोडून नाहीसा झाला, लोकांचे फ्लॅट हवेत ठेवून.

तिसरा ऋतुजाचा. बारावी झाली आणि रंगराव म्हणाले, बास झालं, मुलीला किती शिकवायचं, स्थळ आलंय. ऋतुजा याच पाराखाली बसून रडत होती. वहिनी म्हणाली, मला कळत नाही बाई, त्याला विचारू. मी कळ्या लावल्या. उजवी पडली. इंजिनिअरिंगला जा. रंगरावांचं तोंड असं झालं होतं की त्या दिवशी देव बदलायचा विचार त्यांनी गांभीर्यानं केला असावा.

"कमाल आहे," सलिल हळूच म्हणाले. "म्हणजे प्रत्येक वेळी बरोबर."

"प्रत्येक वेळी. आणि कौल झाला रे झाला की वहिनी चुलीवरचं ऊन पाणी घेऊन यायची आणि लगेच देवाला आंघोळ घालायची. खांदे चोळून चोळून. भक्ती हो. दुसरं काय? एवढी भोळी बाई मी पाहिली नाही. सहा दशकं मी तिला काय वाट्टेल ते सांगितलं. छापखान्यात नव्या खिळ्यांना शनिवारी तेलाचं न्हाणं घालतात, सांगितलं. खरं मानलं, दर शनिवारी वाटीभर तेल दिलं. मी त्या तेलाची भजी खाल्ली. उशीर झाला की सांगायचो, 'क्ष' अक्षर हरवलं होतं, सगळे मिळून शोधत होतो. ती म्हणायची, सापडलं ना? एकदा शंका घेतली नाही. देवावर विश्वास ठेवायला काही लागत नाही, सलिलराव, तो खोटं बोलत नाही. माझ्यावर ठेवायला वहिनीच लागते."

ओळ तोकडी पडली होती, आणि या वेळी हाताशी कोरा खिळा नव्हता. माझा हात आपोआप सिमेंटमधल्या त्या पंजावर गेला. तिचा हात लहान होता. माझी बोटं बाहेर राहतात.

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. मग तिनं दुसरीकडे बघितलं.

"दादा," ती पृथ्वीराजला म्हणाली, "आणि लेफ्टवाली पडली तर काय करशील?"

"तर मग काय. बँकेला सांगायचं, देव नाही म्हणाला." तो कोरडं हसला. "बुकिंगवाले विचारतील, कोणता देव? त्यांना लोकेशन पाठवायचं."

"आपण मला मागच्या बैठकीत असं काही आहे हे सांगितलं नव्हतं," सलिल म्हणाले.

"सर, तुम्ही पण मला खाली नाला आहे ते तिसऱ्या बैठकीत सांगितलं."

"ते नकाशात होतं."

"हे पण जमिनीवर होतं. दिसत होतं की शेंदूर लावलेलं."

पोराला नारायण पेठेत न जाता एवढं बोलता येतं, हे रक्तात असावं.

तेवढ्यात करंजाचं एक पान हललं. मग दुसरं. चैत्रातला तो उन्हाचा वारा, जो कोणाच्या उपयोगाचा नसतो, तो आला. सलिलनी नकाशावर हात ठेवला. ऋतुजानं ओढणी धरली. केटररचा माणूस पातेली घासत होता, तोही थांबून बघायला लागला.

डावी कळी पडली.

ती पडली आणि गडगडत पाराच्या कडेपर्यंत आली, आणि वहिनीच्या पंजात जाऊन बसली. हे शेवटचं वाक्य खोटं आहे. ती सरळ खाली मातीत पडली. पण पंजात बसली असती तर जास्त शोभलं असतं, हे तुम्हीही मान्य कराल.

उजवी कळी खांद्यावर तशीच, जणू कोणी खिळ्यानं ठोकली आहे. पृथ्वीराज उठला. म्हसोबासमोर उकिडवा बसला आणि देवाच्या खांद्याकडे बघत राहिला, नाक लागेल इतक्या जवळून. मला वाटलं रडतोय. मग वाटलं चिडलाय. मी मनात त्याच्या तोंडची वाक्यं जुळवायला लागलो, आणि त्यावरची माझी. अंधश्रद्धा म्हणाला तर हे म्हणायचं, दुसऱ्यांदा लावा म्हणाला तर ते म्हणायचं. बरीच जुळली होती.

त्यातलं एकही वापरायला मिळालं नाही. तो उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि सलिलना म्हणाला, "सर, रॅम्प मागच्या बाजूनं घ्या."

"मागे नाला आहे."

"नाला सोडून जेवढं बसंल तेवढं बसवा."

"आठ गाड्या कमी होतील. एक अख्खा फ्लॅट जाईल कदाचित. आणि सगळं परत मंजुरीला—"

"जाऊ द्या. झाड, पार, देव, हे जसंच्या तसं. त्याला भिंत पण नको. आबांना वारा लागतो."

सलिलनी नकाशा उलगडला, तिथंच मातीवर पसरला, आणि खिशातून पेन्सिल काढून पाराभोवती एक गोल काढला. दोन महिन्यांच्या कामाभोवती असा गोल काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला त्याच्याबद्दल आदर वाटला. अर्थात सांगितलं नाही.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. प्रश्न सुटलेला असतो, चहा येत असतो. पण मी सहा दशकं या पारावर गप्प बसलेलो नाही. शिवाय ऋतुजा तांब्या घेऊन देवाकडे निघाली होती, आंघोळ घालायला, आजीसारखी. मला भरून आलं. भरून आलं की मी खोटं बोलतो.

"बघितलंत ना सलिलराव," मी म्हणालो. "डोळ्यांदेखत. माणसाचा हात नाही यात. नुसतं पाणी. सहा दशकांत मी या कळ्यांना पाण्याशिवाय काही लावलेलं नाही, वहिनीची शपथ घेऊन सांगतो. ती भोळी होती, तिला काही कळायचं नाही, पण तिचा देव बघा कसा—"

"आबा, खोटं बोलू नका," पृथ्वीराज म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला. केटररचा माणूस पातेल्यासकट वळला.

"उजव्या खांद्यावर मुंग्या चढल्यात. गूळ हाय तिथं. ऋतुजाच्या वेळेला डाव्या खांद्याला होता, ते आजीनं तिला तेव्हाच दाखवलं होतं, म्हणून तर लगेच ऊन पाण्यानं धुवायची, घरात कोणाला दिसू नये म्हणून. मला जाताना काय म्हणाली माहिती हाय का? म्हणाली, कळी बघू नको, मुंग्या बघ. म्हसोबाला हात नाहीत म्हणून त्यानं आबाचे घेतलेत. आबा माझ्याशी तोंडानं खोटंच बोलंल, पण गूळ कधी चुकीच्या खांद्याला लावायचा नाही."